म्हशीचं क्ष, गाईचं य

काचबिंदूनं जिनपाल गुरुजींची दृष्टी गेली आणि शाळाही सुटली. आयुष्यभर बीजगणित शिकवलेला माणूस. आता मंगळवार पेठेतल्या घरात दिवसभर रेडिओ ऐकत बसायचा. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी खैरुनबी त्यांच्या दारात आली. तिचा नवरा निसार सायकली दुरुस्त करायचा. तिला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी मॅट्रिक हवी होती.

"दोनदा गणितातच गेलो, गुरुजी," ती म्हणाली. "ती मिश्रणाची उदाहरणं डोक्यात शिरतच न्हाईत."

"पोरी, तू लिवलेलं मला दिसायचं न्हाई. मी कसला शिकवतोय?"

त्यांच्या पत्नी अक्काताई आतून म्हणाल्या, "दिसत न्हाई, पण ऐकू येतंय की!"

गुरुजींनी रेडिओ बंद केला. खैरुनबी जाजमावर बसली आणि पुस्तकातलं उदाहरण वाचू लागली. म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधात चार. दोन्ही मिसळून पाच टक्क्यांचं साठ लिटर दूध करायचं. कुठलं किती घ्यावं?

"म्हशीचं क्ष, गाईचं य," तिनं पाठ केलेलं सांगितलं.

"क्ष म्हंजे काय?"

"म्हशीचं दूध."

"दुधाचं काय? रंग का चव?"

ती हसली. मग जरा विचार करून म्हणाली, "किती लिटर घेतलं, ते."

"आता कसं! पहिलं समीकरण सांग."

"क्ष अधिक य बरोबर साठ."

"दोन गोष्टी ठाऊक न्हाईत, तवा एका समीकरणावर काम भागायचं न्हाई. दुसरं?"

"सात क्ष अधिक चार य बरोबर पाच."

दोन्ही परीक्षांत तिनं हेच लिहिलं होतं. वहीवर फुली मारणं गुरुजींना आता शक्य नव्हतं. त्यांनी विचारलं, "सात क्ष म्हंजे काय, पोरी?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं उदाहरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गुरुजींनीही घाई केली नाही.

"शंभरात सात... म्हंजे म्हशीच्या दुधातनं आलेला स्निग्धांश. चार य गाईच्या दुधातला." आणि एकदम तिचा आवाज चढला. "मग बेरीज सगळ्या साठ लिटरांतली पायजे! नुसतं पाच न्हवं, पाच गुणिले साठ. तीनशे!"

पहिलं समीकरण चारनं गुणून तिनं दुसऱ्यातून वजा केलं. तीन क्ष बरोबर साठ. म्हशीचं वीस लिटर, गाईचं चाळीस. पदरानं डोळे पुसत तिनं उत्तर पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पास झाली. निकाल सांगायला आली तेव्हा पाया पडायला वाकली, तर गुरुजींनी हात धरून तिला उठवलं.

"तुमच्यामुळं झालं, गुरुजी. अल्ला तुमचं भलं करो."

"माझं भलं तू केलंस, बाई. डोळ्यांबरोबर माझं शिकवणंबी गेलं, असं मी धरून बसलोतो."

खैरुनबीनं दाराकडं पाहिलं. दाराशी तिची नणंद सुलतानबी उभी होती. तीही गणितातच अडकलेली. खैरुनबीनं तिला पुढं केलं.

गुरुजींनी पायांच्या आवाजाकडं तोंड वळवलं. "बस, पोरी. पयलं उदाहरण वाच. सावकाश, घाई न्हाई आपल्याला."