डाव्या बाजूच्या नसा

सोमवारी सकाळी अकराला डॉ. संयोगितांनी प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या पेठ वडगावच्या धनपालला तपासायला आत बोलावलं. आत आलं अख्खं घर.

मित्रांनो, मी या डॉक्टरबाईंच्या टेबलावरची जुनी कात्री आहे. पूर्वी शस्त्रक्रियेच्या खोलीत माझा मान होता. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या दोन्ही अंगांना बारीक नसांचं जाळं चिकटलेलं असतं. नवरा-बायकोचं सुख बरंचसं त्या नसांवर अवलंबून. कॅन्सर झालेली ग्रंथी काढताना हे जाळं न ओढता, न भाजता सोडवायचं काम माझ्या टोकांचं होतं. मग कुणीतरी घाईत माझ्यानं चिकटपट्टी कापली. टोकं बोथटली आणि मी पेनांच्या भांड्यात आले. आता बाई मला हातात धरून शस्त्रक्रिया समजावतात आणि नातेवाईक माझ्यानं गोळ्यांची पाकिटं कापतात. तिनं पाकिटं कापू नका, हे सांगून सांगून बाई थकल्या.

"नसा वाचवायचा प्रयत्न करायचा, तर आधी सांगा," बाईंनी धनपालला विचारलं, "त्या बाबतीत सध्या ठीक आहे ना?"

धनपाल पंख्याकडे बघत बसला. उत्तर दिलं थोरल्या भावानं, बाळगोंडांनी. "नातू हाय की त्याला! आता कशाला नसा न् फिसा? मुळासकट काढा, मॅडम."

"मी त्यांना विचारलं."

"थोरला हाय मी!" असं म्हणत त्यांनी मला उचललं आणि गोळ्यांचं पाकीट कापलं.

असं रोज होतं, मित्रांनो. दुखणं एकाचं, तोंड दुसऱ्याचं. ज्याच्या नसा जाणार, तो मुका.

तेवढ्यात धनपालची बायको अक्काताई पदर सावरत पुढं आली. "भावजी, तुम्ही भायेर बसा, च्या घ्या. ह्यातलं तुमास्नी काय म्हाईत?" बाळगोंडांच्या हातात मी तशीच राहिले. अक्काताईनं मला काढून घेतलं, भांड्यात ठेवलं आणि खाली बघत म्हणाली, "सगळं ठीक हाय, मॅडम. वाचवा की."

शस्त्रक्रिया झाली. उजवीकडं रोग नसांपर्यंत पोचला होता. तिथल्या नसा काढाव्या लागल्या. डावीकडच्या वाचल्या.

मित्रांनो, नाजूक कामाची हत्यारं भलत्या कामाला लावू नका. आणि रोग्याला बोलू द्या.

काल तीन महिन्यांनी दोघंच आली. लघवीवर ताबा आलाय. बाकीचं कळायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, आणि खात्री नसते, हे बाईंनी पुन्हा सांगितलं. मग तोच प्रश्न विचारला. या वेळी धनपालनं पंख्याकडे बघितलं नाही.

"अजून न्हाय, मॅडम," तो म्हणाला.