तीनशे मतांचा शब्द

शैलाने शब्द दिला की तो पाळला जायचाच, हे सिअ‍ॅटलच्या पाचूनगरी मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीच्या जेवणाला आयत्या वेळी चार कुटुंबं वाढली तरी पुरण कमी पडत नसे. पुण्याहून नाटक आलं की नटांना आणायला विमानतळावर कोण जाणार, हा प्रश्न कमिटीत निघायच्या आत शैलाची गाडी रस्त्याला लागलेली असे. म्हणूनच तिने सिअ‍ॅटलच्या महापौरपदाच्या उमेदवार मार्गो हॅलस्ट्रॉम बाईंना तीनशे मतांचा शब्द दिला, तेव्हा मंडळात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. शैलाचा नवरा चारुदत्त हृदयरोगतज्ज्ञ. त्याच्या हॉस्पिटलच्या एका समारंभात या बाई भेटल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणाऱ्या. शैलाला त्या बघताक्षणी आवडल्या. निवडणूक बिनपक्षाची होती. मतपत्रिकेवर ना रिपब्लिकनांचा हत्ती ना डेमोक्रॅटांचं गाढव, एकाखाली एक नुसती डझनभर नावं. पहिल्या फेरीत त्यांतली दोनच उरणार आणि नोव्हेंबरात त्या दोघांची लढत होणार.

"पक्षाचं नाव नसलं की लोक ओळखीवर जातात," बाईंचा प्रचारप्रमुख केव्हिन म्हणाला. "शेदोनशे मतांनी माणूस आत किंवा बाहेर. तुमचा समाज केवढा आहे सिअ‍ॅटलमध्ये?"

"तीनशे माणसं," शैला म्हणाली. "सगळी सज्ञान, सगळी शिकलेली आणि माझ्या शब्दाबाहेर न जाणारी."

केव्हिनने तिथल्या तिथे बाईंची गणपतीच्या कार्यक्रमाला हजेरी ठरवून टाकली. अमेरिकेत गणपती तिथी न बघता शनिवार बघून बसतो. पहिल्या फेरीचं मतदान त्याच्या लगेच नंतरच्या मंगळवारी होतं. सगळं कसं जुळून आलं होतं.

शनिवारी दुपारी बेलव्ह्यूच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात मोदकांचं काम चाललं होतं. शैलाची जुनी मैत्रीण वसुधा पारीला कळ्या पाडता पाडता म्हणाली, "अगं, मंगळवारचं मतदान नक्की कुठे असतं? मला काही पत्रबित्र आलं नाही."

"येईल गं. तू सिटिझन झालीस ना?"

"दहा वर्षं झाली. पण आमच्याकडे महापौराची निवडणूक असल्याचं कुणीच बोलत नाहीये. माझी शेजारीण तर हसली मला. म्हणाली, यू लिव्ह इन बेलव्ह्यू, डिअर."

शैलाच्या हातातला मोदक हातातच राहिला.

डोंबिवलीचा माणूस परगावी गेला की मुंबईचा होतो, तशी ही सगळी मंडळी सिअ‍ॅटलची होती. भारतात फोन लावला की 'सिअ‍ॅटलहून बोलतोय', पत्रिकेवर 'सिअ‍ॅटलस्थित वर', मंडळाच्या स्मरणिकेवर सिअ‍ॅटलच्या मनोऱ्याचं चित्र. घरं मात्र शहरालगतच्या सरोवराच्या अलीकडे, रेडमंडला आणि बेलव्ह्यूला, म्हणजे वेगळ्याच नगरपालिकांत, कारण ऑफिस तिथे आणि शाळा चांगल्या. स्वतः शैला सोळा वर्षं रेडमंडला राहत होती. हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण तिला कधी वेगळं वाटलंच नव्हतं.

पिठाचे हात तसेच घेऊन ती हॉलमध्ये आली. मखर उभारणाऱ्या आणि खुर्च्या लावणाऱ्या मंडळींना तिने मोठ्याने विचारलं, "सिअ‍ॅटल सिटीत कोण कोण राहतं? हात वर करा!"

सगळे हात वर.

"तसं नाही. कचऱ्याची गाडी कुठल्या गावाची येते तुमच्याकडे?"

हात एकेक करून खाली आले. एक तेवढा वर राहिला, नागपूरहून शिकायला आलेल्या मोनालीचा.

"मी सिटीतच राहते, काकू. युनिव्हर्सिटीजवळ."

"वा! मग मतदान करणार ना?"

"माझा स्टुडंट व्हिसा आहे, काकू. मी मत दिलं तर मला डायरेक्ट घरी पाठवतील." हॉलमध्ये हशा पिकला. मोनालीच पुढे म्हणाली, "आपले भानुदासकाका आहेत की. ते सिटीत राहतात, आणि सिटिझन तर माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत."

तीनशे माणसांत एक मत. शैलाने शाळेच्या ऑफिसातून फोन लावला.

भानुदासकाका पुलांचे इंजिनिअर होते, आता निवृत्त. नागपूरच्या एका वस्तीतून शिष्यवृत्तीवर आलेले. बुद्धवंदना करणारा माणूस. आरतीला थांबत नसत, पण दर वर्षी आरतीनंतर जेवणाच्या वेळी यायचे, पोरांना गणितं घालायचे आणि शेवटची खुर्ची उचलेपर्यंत थांबायचे.

"काका, तुम्ही हॅलस्ट्रॉम बाईंना मत देणार ना?"

"नाही," काका म्हणाले.

"नाही?"

"मतदारांची पुस्तिका आली ना घरी, ती मी सगळी वाचली. अगदी त्या मोफत फुगे वाटणाऱ्या उमेदवाराचंसुद्धा. माझं मत दुसऱ्या माणसाला. त्याला आमच्या टेकडीवरची बस कळते."

"काका, मी शब्द दिलाय हो."

"तू तुझा शब्द दिलास, बाई. मत माझं आहे. पोरगा असताना आमच्या वस्तीत सभा व्हायच्या, तिथे एकच गोष्ट डोक्यात भरवली होती आमच्या. मत कुणी मागितलं म्हणून द्यायचं नाही. आता तूच सांग, तुझ्यासाठी ते मोडू?"

"नका मोडू," शैला म्हणाली. तिला रागही आला आणि बरंही वाटलं. "जेवायला मात्र या."

चारुदत्त दाराशी उभा राहून ऐकत होता. "सोपं आहे," तो म्हणाला. "काही बोलूच नकोस. मत गुप्त असतं. बाई येतील, मोदक खातील, जातील. तीनशे पडली की तीस, कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तू म्हणजे ना..."

"सतरा वेळा तू मला सांगतोस ना, रिपोर्ट वाईट असला तरी पेशंटला तोंडावर सांगावा म्हणून? मग?"

चारुदत्तने तिच्या गालाला लागलेलं पीठ रुमालाने पुसलं.

बाई वेळेवर आल्या. हॉल गच्च भरलेला पाहून केव्हिनचा चेहरा फुलला. शैलाने त्यांना गणपतीपुढे उभं केलं, नारळ हातात दिला, आणि भाषणाला मंचावर नेण्याआधी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आढेवेढे न घेता, हात न चोळता.

"यातलं एकही मत तुमचं नाही. सिटीत मतदार एकच, आणि तो तुमच्या विरुद्ध आहे. चूक माझी. आता तुम्हाला निघायचं असेल तर निघा, मोदक बांधून देते."

केव्हिनने घड्याळ पाहिलं. "मार्गो, अजून दोन ठिकाणी जायचंय."

बाई अशा हसल्या, की पुढच्या रांगेतली पोरं त्यांच्याकडे बघायला लागली. "गेले तीन महिने प्रत्येक जण मला हजार मतं देतोय," त्या म्हणाल्या. "एकही मत नाही असं सांगणारी तू पहिली."

"मतं नाहीत," शैला म्हणाली, "पण माणसं आहेत. गाड्या आहेत. माझ्या एका फोनवरून तासाभरात सगळ्या घरी निरोप पोचतो. प्रचार करायला सिटीत राहावं लागत नाही, हे मी विचारून घेतलंय. मंगळवारी ज्यांना चालवत नाही, ज्यांना बस मिळत नाही, असे मतदार केंद्रापर्यंत पोचवायचं काम आमचं."

"हाही शब्द?"

"हाही. आणि या वेळी पत्ते बघून दिलाय."

बाई थांबल्या. बोलल्या पाचच मिनिटं, पण जेवायला बसल्या त्या मुद्दाम भानुदासकाकांच्या शेजारी. दोघांचं टेकडीवरच्या बसवरून असं काही जुंपलं, की काकांचं वरण गार झालं. बाई गेल्यावर शैलाने विचारलं, "काय मग, काका?"

"हुशार आहे. वाद घालते, तोंडदेखलं हो म्हणत नाही."

"मग?"

"मग काही नाही. मत ठरलेलं आहे."

मंगळवारी पाचूनगरी मंडळाच्या गाड्या सरोवरावरचा पूल ओलांडून सकाळीच सिटीत उतरल्या. सॉफ्टवेअरवाल्या पोरांनी सुट्ट्या काढल्या होत्या. वसुधा प्रचार कार्यालयात फोनवर बसली आणि तिच्या इंग्रजीवर खूश होऊन एक म्हातारी तिच्याशी अर्धा तास बोलली. शैलाने दिवसभर फेऱ्या मारल्या. कुणाची काठी, कुणाची ऑक्सिजनची नळी, कुणाचं मांजर घरात बंद केलं की नाही याची काळजी. संध्याकाळी पाऊस लागला. ती कार्यालयात चहा घेत होती, तेवढ्यात वसुधाने फोन पुढे केला.

"शैला, मी भानुदास. मतदारांना गाडीतून नेतेस म्हणे तू. मीही मतदार आहे. गुडघा धरलाय आज, आणि बसचा पत्ता नाही."

केव्हिन समोरच होता. त्याने भुवयांनीच विचारलं, कोण?

"एक म्हातारे गृहस्थ. टेकडीवरचे."

"आपला मतदार?"

"नाही. परवा बाईंशी भांडत होते ते."

"शैला, वेळ फार थोडा राहिलाय. आपल्याच लोकांना आणूया ना. तो त्या दुसऱ्याला मत देणार हे तुला ठाऊक आहे!"

"पक्कं ठाऊक आहे." शैलाने किल्ल्या उचलल्या. "मी म्हटलं होतं, ज्यांना बस मिळत नाही त्यांना पोचवीन. कुणाला मत देणारे, ते म्हटलं नव्हतं. आणि तुमच्या बाईंना विचार, त्यासुद्धा हेच म्हणतील."

केव्हिनने बाईंना विचारलं की नाही कोण जाणे. शैला तोवर टेकडी चढत होती.

काका कोट घालून, छत्री घेऊन पायरीवर तयार उभे होते. गाडीत बसताना त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

"तुझ्या बाईचं नुकसान करायला तूच घेऊन चाललीस मला," ते म्हणाले.

"काका, पट्टा लावा."

केंद्र एका चर्चच्या तळघरात होतं. तिने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि स्वतः पावसात छपराखाली उभी राहिली. आत गेलेली माणसं बाहेर येत होती, काही ओळखीची, दुपारी तिच्याच गाडीतून आलेली आणि आता एखाद्या शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला सोबत म्हणून परत आलेली. त्यांनी हात हलवला, तिने हलवला. कोण कुणाचं, हे कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

काका हळूहळू जिना चढून वर आले. "झालं," म्हणाले.

तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

"आमच्या इमारतीत अजून दोघं आहेत," गाडीत बसता बसता काका म्हणाले. "नवरा-बायको. गाडी विकलीय त्यांनी. कुणाला मत देणार, ते मी विचारलेलं नाही."

"विचारूही नका," शैला म्हणाली, आणि तिने गाडी परत टेकडीकडे वळवली.