खिशातून वळचणीला गेलेली डबी

मित्रांनो, मी तंबाखूची एक जुनी डबी आहे. पितळेची, मुठीत मावेल एवढी. मला दोन्ही बाजूंनी झाकणं आहेत. एकीकडे तंबाखू राहायची, दुसरीकडे चुना. आता मी एका गोठ्याच्या वळचणीला, वाशाच्या फटीत खोचलेली आहे. अंगावर हिरवे डाग पडले आहेत आणि चुन्याकडचं झाकण इतकं घट्ट बसलं आहे, की दगडानं ठोकल्याशिवाय उघडायचं नाही. तंबाखूच्या डबीनं मुलांना काय शिकवावं, असं तुम्हाला वाटेल. खरं आहे तुमचं. पण माझ्या मालकानं मला स्वतःपासून दूर कसं नेलं, ते मी फार जवळून पाहिलं आहे. तेवढंच सांगते.

घागरीचा उरलेला पत्रा वाया जाऊ नये म्हणून एका तांबटानं मला घडवलं. हौसेनं झाकणावर एक वेलही कोरली. तलवाड्याच्या बाजारात मी अडकित्त्यांच्या शेजारी मांडलेली होते. तिथं मेंढरं वळणाऱ्या एका तरुण गड्यानं मला उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या झाकणात आपलं वाकडंतिकडं तोंड बघून तो हसला. त्याचं नाव धुळाजी. त्या दिवसापासून मी त्याच्या बंडीच्या खिशात राहू लागले.

धुळाजीचं गाव शिरूर कासारच्या बाजूला, माळरानावरचं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जायचं. मागं राहिलेली माणसं एखादी गाय, एखादी म्हैस सांभाळायची. पुढं गावात सहकारी दूध संस्था निघाली. तिचे चेअरमन विठ्ठलराव मोठ्या शेतीवाडीचे, पण माणसाची पारख असलेले होते. धुळाजीला जनावरातलं कळतं, म्हणून त्यांनी दूध तपासून घ्यायचं काम त्याला दिलं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. दुधात पाणी आहे का, हे काचेची नळी सांगते. दूध नासायला लागलं आहे का, हे मात्र त्या काळी नाकाला आणि जिभेलाच ओळखावं लागे. धुळाजी प्रत्येक किटलीवर वाकायचा, वास घ्यायचा, एक थेंब जिभेवर ठेवायचा आणि मगच दूध मोठ्या कॅनमध्ये ओतायचा. कोणाच्या म्हशीनं कडुनिंबाचा पाला खाल्ला, हेसुद्धा तो सांगायचा. लोक थक्क व्हायचे, आणि मी खिशात बसून फुगायचे. मला वाटे, या कौतुकात माझाही वाटा आहे.

सुरुवातीला तो मला दिवसातून चार-पाच वेळा उघडायचा. जेवणानंतर, कामानंतर. मग कोणी भेटलं की. मग कोणी भेटलं नाही म्हणून. वर्षं गेली आणि दिवसातून पंचवीस वेळा माझं झाकण वाजू लागलं. हे कधी झालं, ते त्याला कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. एकेक चिमूट वाढत गेली, एवढंच.

शहाऐंशी साली पाऊस आलाच नाही म्हणायला हरकत नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. माळावर काडी उरली नाही. संस्थेनं बाहेरून कडब्याचे ट्रक आणले आणि नियम केला, की जो दूध घालील त्यालाच कडबा मिळेल. चैत्रातल्या एका दुपारी शीतकरण केंद्रावरून निरोप आला. आपल्या गावचा चाळीस लिटरचा कॅन नासला होता आणि केंद्रानं तो ओतून दिला होता.

विठ्ठलरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "धुळाजी, असं झालंच कसं? तू बघून घेतलं न्हाईस का?"

धुळाजीच्या ओठात तेव्हाही चिमूट होती. तो बाजूला जाऊन थुंकून आला. "बघितलं की. शेवटाला बायनाबाईचं दूध आलतं. तिची किटली धुतल्यावाणी दिसत न्हवती."

बायनाबाई तिथंच उभी होती. एकटी राहणारी, पन्नाशीची बाई. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, घरी एक तांबडी गाय.

"आरं, राखेनं घासून आणलीय किटली!" ती म्हणाली. "कावून माझ्यावर आळ घेतोस?"

पण दूध बघणारा माणूस सांगतो म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार? संस्थेनं तिचं दूध बंद केलं. दूध बंद झालं तसा कडबाही बंद झाला.

चौथ्या दिवशी बायनाबाई धुळाजीच्या घरी आली. धुळाजी ओसरीवर बसला होता, तरी त्याच्याकडं न बघता ती सरळ आत, त्याच्या बायकोकडं, चतुराबाईकडं गेली.

"चतुरे, गाईची हाडं वर आली बघ. शनिवारी बाजार दाखवते तिला. म्या खोटं बोलत न्हाई. माझं दूध चांगलं व्हतं."

चतुराबाईनं बायनाबाईला पाणी दिलं आणि बराच वेळ आपल्या नवऱ्याच्या पाठीकडं पाहत राहिली.

त्या संध्याकाळी तिनं पिठलं केलं. धुळाजी जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमटी केली, संध्याकाळी पुन्हा पिठलं. दर वेळी ती विचारायची, "कसं झालंय?" आणि दर वेळी धुळाजी म्हणायचा, "बेस झालंय." तिसरं जेवण संपल्यावर ती त्याच्या समोर बसली.

"तीन जेवणं झाली. एकातबी मीठ न्हवतं."

धुळाजीनं मान वर केली.

"मिठाचं तुमाला कळंना," ती हळूच म्हणाली, "मग बायनामावशीचं दूध नासकं हाय, हे कसं कळलं?"

मित्रांनो, मी त्याच्या खिशात होते. त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते मी ऐकलं. तो उठला, ओट्यावर गेला, आणि त्यानं मला उघडून चिमूट मळली. हे मी लपवणार नाही. दुःख झालं तरी त्याला मीच आठवायची.

सकाळी संस्थेत सगळे किटल्या घेऊन उभे असताना त्यानं मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

"विठ्ठलराव, त्या दिशी मला दूध कळलंच न्हाई. ह्या डबीनं माझी जीभ मेलीया. घरी तीनदा अळणी जेवलो, तेबी कळलं न्हाई. बायनाबाईचं नाव म्या उगं घेतलं. तिचा काई गुन्हा न्हाई."

धुळाजीचा जुना दोस्त आसाराम त्याची बाही ओढत म्हणाला, "येडा झालास का बे? झालं ते झालं."

विठ्ठलरावांनी मला उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "मग उद्यापासून दूध कोण बघायचं?"

"चतुराबाई बघल. तिला कळतं. माझी चोरी तिनंच धरली."

कोणी हसलं. कोणी म्हणालं, "बाईमाणूस दूध घेणार व्हय?" विठ्ठलराव म्हणाले, "अळणी न कळणाऱ्या गड्यापरीस ती बरी." आणि त्यांनी बायनाबाईला बोलावणं धाडलं.

बायनाबाई आली, पण तिचा राग उतरला नव्हता. "सहा दिस गाय अर्धपोटी हाय. तिला तुझं बोलणं खाऊ घालू का?"

धुळाजीनं आपल्या म्हशीच्या वाटणीचा सहा दिवसांचा कडबा डोक्यावर घेतला आणि तिच्या दारात नेऊन टाकला. ते सहा दिवस तो म्हशीसाठी बाभळीच्या शेंगा वेचत माळ हिंडला. गाय बाजारात गेली नाही.

काम हाती घेतल्यावर चौथ्या दिवशी चतुराबाईनं एका किटलीचा वास घेऊन ती बाजूला ठेवली. "आसारामभाऊ, ह्यात रातचं दूध हाय." आसारामनं खाली पाहिलं. रात्रीचं उरलेलं दूध तो सकाळच्या दुधात मिसळायचा. तो नासलेला कॅन कशामुळं गेला, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. चतुराबाईनं त्याला एवढंच सांगितलं, की उद्यापासून ताजं आणा.

इकडं धुळाजीनं शपथ घेतली, "आजपासून तंबाखू बंद," आणि मला उकिरड्यावर भिरकावून दिलं. सकाळची गोष्ट. दुपारी तो काठीनं उकिरडा उकरत होता. मी सापडले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं की लाजेचं, ते मला सांगता यायचं नाही.

चतुराबाई गोठ्याच्या दारातून बघत होती. ती रागावली नाही. "ही सवय एका दिसात लागली व्हती का?" ती म्हणाली. "मग एका दिसात कशी जाईल? फेकू नका. निस्ती खिशातून काढा. खायची तर उठून जायचं, खाऊन डबी परत जाग्यावर ठिवायची. आन् सकाळचे कॅन टेम्पोत चढंपर्यंत तोंडात काई टाकायचं न्हाई."

झालं एवढंच. मी खिशातून भिंतीतल्या देवळीत गेले. ओसरीपासून देवळी चार पावलं. पण चार पावलंसुद्धा माणसाला विचार करायला लावतात. त्याचा हात खिशात जायचा आणि रिकामा यायचा. मग चतुराबाईनं त्या खिशात भाजलेल्या ज्वारीचे दाणे घालून ठेवले. चार-पाच दिवसांनी मी देवळीतून दाराच्या खुंटीवर गेले, मग अंगणातल्या जात्याच्या दगडावर, मग कुंपणाजवळच्या लाकडी मेढीवर. दर वेळी थोडंसंच लांब. पंचवीसचे पंधरा झाले, पंधराचे नऊ. कधीकधी तो अर्ध्या वाटेपर्यंत यायचा, थांबायचा, आणि काहीतरी काम आठवल्यासारखा परत फिरायचा.

सगळं गोडीनं झालं नाही. त्याचं डोकं दुखायचं. तो उगाच भांडायचा, ताट सारून उठायचा. ज्येष्ठात त्याच्या म्हशीचं पारडू दगावलं. त्या दिवशी तो माझ्याकडं आलाच नाही, तर आसारामच्या घरी जाऊन दिवसभर त्याची तंबाखू खात बसला. दुसऱ्या दिवशी तो अंगणात खाली मान घालून उभा होता.

"सगळं वाया गेलं," तो म्हणाला.

"काल खाल्ली ती काल खाल्ली," चतुराबाई म्हणाली. "आज डबी कुठं ठिवायची ते सांगा."

त्यानं पार मागच्या गोठ्याच्या वळचणीकडं बोट दाखवलं. एवढ्या लांब मी आधी कधीच गेले नव्हते. तिनं मला तिथं नेऊन खोचलं.

त्यानंतरच्या आठवड्यांत तो दोनदा आला. मग एकदा. एका सकाळी तो गोठ्याच्या दारात घागरीतलं पाणी प्यायला आणि थबकला. "हे टँकरचं पाणी न्हाई. वढ्यातल्या झऱ्याचं हाय. कुणी आणलं?"

चतुराबाईच्या हातातला झाडू तसाच राहिला. पाणी बायनाबाईनं वाळूत झिरा उकरून भरलं होतं आणि एक घागर यांच्या दारात आणून ठेवली होती. ती का आणली, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही.

पुढं विठ्ठलरावांनी धुळाजीसमोर तीन तांबे दूध ठेवलं आणि त्यानं नासायला लागलेलं दूध वासानंच ओळखलं, असं चतुराबाई म्हशीला सांगत होती, ते मी ऐकलं. त्याचं काम त्याला परत मिळालं. पण चतुराबाईचं काम कोणी काढून घेतलं नाही. सकाळचं दूध तो बघायचा, संध्याकाळचं ती.

आणि मी? मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. रोज पंचवीस वेळा हातात येणाऱ्या वस्तूला वळचणीला पडून राहणं सोपं नसतं. पावलं वाजली की मला वाटायचं, आला. पण तो शेण भरायला आलेला असायचा. माझं पितळ काळवंडलं, वेलीच्या खाचांत कोळ्यानं जाळं विणलं. कितीतरी दिवस मी त्याला मनातल्या मनात निर्दय म्हणत होते.

मग बऱ्याच वर्षांनी एकदा आसाराम गोठ्यात आला. त्याचा गाल आतून सोलला होता आणि अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्याला तंबाखू सोडायला सांगितली होती. तो म्हशीच्या दावणीवर टेकला. "धुळाजी, मला काई जमत न्हाई बे. तू एवढी पक्की सोडलीस कशी?"

धुळाजी तेव्हा धार काढत होता. केस पिकलेले, हात मात्र तसाच हलका. धार न थांबवता तो म्हणाला, "पक्की कुठं? आजूनबी रोज सोडायलो की. आज सकाळीच सोडली. तू आजच्या दिसाचं बघ."

जाताना आसारामनं स्वतःची डबी खिशातून काढली, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या शेजारच्या फटीत खोचली. "उंद्या लागली तर येतो," तो म्हणाला. धुळाजी म्हणाला, "ये की. एवढं चालत ये."

तेव्हापासून मला सोबत आहे.

मित्रांनो, आपापली गोष्ट सांगताना भांडी, चाकं, छत्र्या तुम्हाला सांगत असतील, की आम्हाला पुसा, तेल लावा, जपून वापरा. त्यांचं बरोबरच आहे. माझी मागणी मात्र उलटी आहे. मला घासून चकचकीत करू नका. माझी वेल कितीही सुंदर दिसली, तरी हौसेनं मला खाली काढू नका. मला इथंच, या धुळीत, राहू द्या.