एका वेळी एक ओळ

आचलने की-बोर्ड स्वतःकडे ओढून घेतला, एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे दोन बोटांनी चाचपले आणि कुणाशी गप्पा माराव्यात तशी सहज टाइप करू लागली. गजेंद्र बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. कळांचा आवाज कुठेही अडखळत नव्हता. डोळे होते तेव्हाही आपली बोटं या की-बोर्डवर एवढी सरळ चालत नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने उगाचच खुर्ची जराशी मागे सरकवली.

"आता बोलंल हा, काकाजी," ती म्हणाली.

संगणक बोलला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं, तसा नाकातला पुरुषी आवाज. प्रोग्राम लिहायचा एडिटर आता त्यातली ओळ पडद्यावर दाखवण्यावर न थांबता वाचूनही दाखवणार होता. प्रोग्रामात माणसांसाठी लिहिलेली टीप असली की आवाज जाड व्हायचा, अवतरणातला मजकूर आला की बारीक, आणि कंस अर्धवट राहिला तर टक् असा ठोका पडायचा. दृष्टी असलेल्यांना हे सगळं रंगांनी कळतं, असं तिने ऐकलं होतं म्हणे. ऐकलं होतं, हा शब्द तिने अगदी सहज वापरला.

काचबिंदूने गजेंद्रची दृष्टी जाऊन दोन वर्षं होत आली होती. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या समाजसेविकाबाईंनी आचलचं नाव सुचवलं: जन्मापासून दिसत नाही, इथे सेवाग्रामलाच राहते, पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रामिंग घरून करते. आपल्याला तिला हात धरून आणावं लागेल, असं गजेंद्रने धरलं होतं. ती मात्र मंगळवारी पॅसेंजरने एकटी सिंदीला उतरली, ऑटोवाल्याला गल्ली सांगितली आणि काठी टेकत दारात येऊन उभी राहिली.

"पोरी, अगोदर खाऊन घे ना," गोपिका कोथिंबिरीच्या वड्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघरातून आली. "सांबारवडी थंडी होऊन राह्यली."

"काकू, सांबार किती घातला तुम्ही? वास कोपऱ्यावरच आला. म्हणून तर घर सापडलं."

गोपिका हसली. घसा मोकळा सोडून, तोंडावर पदर न घेता. हे हसू या घरात गजेंद्रने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. आपण शेवटचं तिला कधी हसवलं, ते तो आठवू लागला आणि मग त्याने ते सोडून दिलं.

"तुमचा कापूसखरेदीचा प्रोग्राम उघडते, काकाजी. वेग वाढवते हं, माझ्यापुरता."

तिने काहीतरी दाबलं आणि आवाजाचे तुकडे झाले. पत्र्यावर तुरीचे दाणे ओतावेत तशी नुसती तडतड. त्यात एकही शब्द नव्हता. आचल मात्र वडी चावत ऐकत होती, मधेच थांबवत होती, मागे जात होती, पुन्हा पुढे.

"इथं ओलाव्याची कपात दोन जागी लिहून ठेवली तुम्ही," ती म्हणाली. "एका जागी बदलली अन् दुसरी राहिली, तर फसान."

"माहीत हाये मले," गजेंद्र म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं. एका हंगामात घाईघाईने तसं केलं होतं आणि पुढच्या हंगामात नीट करू म्हणून राहून गेलं होतं. पण ते शोधायला या मुलीला एक वडी संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नव्हता.

"आता तुमच्यासाठी वेग कमी करते."

"कायले? राहू दे तसाच. समजते मले."

"सगळं?"

गजेंद्रने मान हलवली.

"अवो, मान काय हालवता?" गोपिका म्हणाली. "तिले दिसते, का तुम्हाले दिसते?"

दोघी हसल्या. शेवटी त्यालाही हसावं लागलं. आचलने वेग कमी-जास्त करायच्या कळा सांगून ठेवल्या. एकापाठोपाठ एक अशा तीन दाबायच्या होत्या. पण त्याच वेळी गोपिका चहा ओतत होती आणि पहिला कप कुणाच्या पुढ्यात टेकला, याकडे गजेंद्रचं लक्ष होतं. पहिला कप आचलपुढे टेकला.

तिला स्टेशनवर सोडून गोपिका परतली ती बोलतच.

"लय हुशार पोरगी. अन् रडगाणं नाई जराही."

"तिचं काही गेलंच नाई, तर रडंल कायले?" गजेंद्र म्हणाला.

गोपिका चपला काढून आत गेली.

संध्याकाळी सदाशिवरावांचा फोन आला. ते जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे मॅनेजर. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन, ओलावा आणि कपात दाखवणारी पावती ज्या प्रोग्राममधून निघायची, तो गजेंद्रने लिहिलेला होता. यंदा मालकाने कपातीचा नियम बदलला होता.

"गजूभाऊ, सोमवारी खरेदीचा मुहूर्त हाये. मालक म्हणते, नागपूरवाल्याचा रेडिमेड प्रोग्राम घेऊन टाकू. मीच थांबवलं. होईन ना तुमच्यानं?"

"होईन."

"नाई तर असं करा. ते पोरगी आलती म्हणते तुमच्याकडं. आमच्या घरी गोपिकाताईनं सांगतलं, फोनवर. तिचा नंबर द्या मले. तुम्हाले कायले तरास?"

"तिले जिनिंगमधलं काय समजते?" गजेंद्र म्हणाला. "मीच करून राह्यलो. झालंच समजा."

फोन ठेवून तो टेबलाशी आला आणि एडिटर उघडला. तडतड झाली. खाली जायची कळ दाबली, तडतड. वेग कमी करायच्या तीन कळांमधल्या पहिल्या दोन त्याला आठवत होत्या. तिसरीच्या जागी त्याने एकेक अक्षर दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी यंत्र काहीतरी सांगत होतं, कदाचित नेमकं काय चुकलं तेच सांगत असेल, पण तेही त्याच वेगात. चुकून आपला प्रोग्रामच पुसला जाईल, या धास्तीने त्याने हात मागे घेतला.

गोपिकाला पडद्यावरचं वाचता आलं असतं. किंवा आचलला फोन करायचा, एक वाक्य बोलायचं. बुधवारी सकाळी ते वाक्य त्याने मनातल्या मनात जुळवूनही ठेवलं. तेवढ्यात आतून गोपिकाचा आवाज आला. ती तिच्या बहिणीशी बोलत होती, तळेगावला.

"हो वं, पुन्हा बसले कामाले. सकाळपासून खटखट चालू हाये. मले तर तो आवाजच इतका बरा वाटते."

गजेंद्र बसून राहिला. मग त्याने कळ दाबली. तडतड झाली. जरा थांबून, माणूस विचार करायला थांबेल तेवढं थांबून, त्याने पुन्हा दाबली.

गुरुवारी तो तसाच बसला, शुक्रवारीही. जिनिंगचा प्रोग्राम समोर होता, त्यातली ओळ न् ओळ त्याने लिहिलेली होती, आणि तो त्याच्या कानावरून भरधाव जात होता. या तडतडीत ती मुलगी वडी खात बसू शकते. रात्री वीज गेली काय आणि दिवे आले काय, तिला फरक पडत नसेल. डोळे मिटल्यावर तिच्यासमोर कसलंच चित्र येत नसेल, आणि म्हणूनच तिला झोप लागत असेल. असं काहीबाही त्याच्या मनात यायचं, आणि बोटं कळा दाबत राहायची.

रविवारी ती न बोलावता आली. सगळं नीट चालतंय ना ते पाहायला येईन, असं मंगळवारी म्हणाली होती म्हणे. गोपिकाला आठवत होतं.

"रोज बसते तुझे काकाजी," गोपिका कौतुकाने म्हणाली. "उद्याच्या मुहूर्ताचं होईन सगळं."

"पाहू बरं," आचल म्हणाली आणि तिने की-बोर्ड ओढून घेतला.

गजेंद्रला उठून जावंसं वाटलं. तिने दोन-तीन कळा दाबल्या, छोटी तडतड झाली. त्या तडतडीतलं एक अक्षर त्याला कळलं नाही, तरी यंत्र तिला काय सांगतंय ते त्याला कळलं. फाइल मंगळवारी होती तशीच आहे. एक ओळ बदललेली नाही.

आचलने की-बोर्डवरून बोटं उचलली. दारात गोपिकाच्या बांगड्या वाजल्या.

"काकू, चहा भेटंल का?" आचल म्हणाली. "गाडीत लय गर्दी होती. आलं टाकजा जरा."

बांगड्या आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला.

"कमी करू, काकाजी?"

"कर."

तडतड जराशी सैल झाली.

"आता?"

"अजून."

ती एकेक पायरी उतरवत गेली आणि प्रत्येक पायरीला गजेंद्र तोच शब्द म्हणत राहिला. तडतडीचे आधी ठोके झाले. ठोक्यांतून अक्षरं सुटी झाली. मग अक्षरांना अक्षरं लागून, अगदी पहिलीतल्या पोराने वाचावं तसा, जाड आवाज म्हणाला: ओलावा कपात. सदाशिवराव म्हणतात तसे.

ती त्याची टीप होती. कधीतरी, जिनिंगच्या ऑफिसात बसून, सदाशिवराव डोक्यावर उभे असताना लिहिलेली.

"हा वेग बरोबर हाये," गजेंद्र म्हणाला.

आता ती हसेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. किमान एवढं तरी म्हणेल, की मग मंगळवारीच काऊन नाई सांगितलं. आचलची बोटं टेबलाच्या कडेवर वाजत होती, टक टक, टक टक.

"काकाजी, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"डोळे होते तेव्हा हा प्रोग्राम तुम्ही कसा वाचायचे? म्हणजे, वरची ओळ अन् खालची ओळ एकाच वेळी दिसे का?"

गजेंद्रचं तोंड नकळत पडद्याकडे वळलं.

"कॉलेजात पोरं म्हणत, नुसतं पाह्यलं की समजते कुठं बिघडलं ते. मी विचारलं, काय समजते? तर म्हणे, तुले कसं सांगू." बोटं थांबली, पुन्हा वाजू लागली. "मी कितीही वेगानं ऐकलं ना, तरी एकीच्या मागं एकच ओळ येते. दुसरी आली की पहिली गेली. मले ती डोक्यात धरून पळा लागते. कंपनीतली पोरं पळतच नाई. ते नुसते बसून राह्यते अन् मीटिंगमधे म्हणते, हे पाहा, इथं चुकलं." ती जरा थांबली. "सगळं एकदम दिसत असंल त्याहिले."

तिचा आवाज खाली आला होता. त्यातला सूर गजेंद्रला ओळखू यायला क्षणभरही वेळ लागला नाही. मंगळवारपासून तो तोच गिळत होता.

अख्खा पडदा त्याच्यासमोर उभा राहिला. डावीकडून आत आत सरकत गेलेल्या ओळी, पायऱ्यांसारख्या. हिरव्या टिपा. चहाचा कप हातात घेऊन दारातून आत येताना, खुर्चीवर बसायच्याही आधी, एखादी पायरी वाकडी दिसायची आणि तो म्हणायचा, सापडलं. तिच्यापाशी नाही असं काहीतरी आपल्यापाशी असावं, असं त्याला सहा दिवस वाटत होतं. ते होतं. तिने स्वतःच हात पुढे केला होता आणि आता फक्त हो म्हणायचं होतं.

"नाई वं," गजेंद्र म्हणाला. "एकदम कुठं दिसते? एकेकच ओळ वाचा लागे. बोट ठेवून."

"खरं?"

"खरं. ती पोरं फुशारकी मारते."

दारात कपबश्या किणकिणल्या आणि थांबल्या. गोपिका या घरात वीस वर्षं त्या खुर्चीमागून ये-जा करत आली होती. ती काही बोलेल, असं गजेंद्रला वाटलं. ती पुढे आली. त्याचा हात धरून तिने पहिला कप त्याच्या बोटांना लावून दिला, दुसरा आचलला, आणि तिथेच स्टुलावर बसली.

"मग तुमचा वेग किती होता, काकाजी?" आचलने विचारलं. "डोळ्यांचा?"

"असाच," तो म्हणाला. "आता हा बोलते ना, तेवढाच."

आचलने कप टेबलावर ठेवला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि की-बोर्डची कड गजेंद्रच्या मनगटाला लागली.

"चालू करा मग," ती म्हणाली. "उद्या मुहूर्त हाये. मी बसते संध्याकाळच्या गाडीपर्यंत. हात नाई लावत."

गजेंद्रने कप खाली ठेवला आणि खाली जायची कळ दाबली. यंत्र पहिली ओळ वाचू लागलं, इतकं सावकाश की दोन शब्दांच्या मधे गल्लीतून एक सायकल जाऊन आली असती. टेबलाच्या कडेवर काहीच वाजत नव्हतं. ओळ संपेपर्यंत तिघंही थांबून होती. मग त्याने पुन्हा कळ दाबली.