रायेनचा रहिवासी दाखला

किटलीचं झाकण खडखडलं, आणि रविवार दुपारच्या त्या शांततेत यास्ना दचकली. तिला वाटलं, रायेनची छाती वाजली. ती पलंगाकडे धावली. पोरगी गालाखाली हात घेऊन झोपली होती. नाकपुड्या फुगत नव्हत्या, बरगड्यांच्या मध्ये खळगा पडत नव्हता. तरी यास्नाने तिच्या पाठीला कान लावला, वीस श्वास ऐकले आणि मगच किटली उतरवली.

मे महिन्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. दार करकरलं, पत्र्यावर मांजर चाललं, शेजारी कुणी शीळ घातली, की ती उठून पोरीपाशी. सहा वर्षांच्या रायेनला तीन महिन्यांत तीनदा दम लागला होता. तिन्ही वेळा यास्ना तिला पाठुंगळी घेऊन टेकडी उतरली होती, आणि तातडीच्या दवाखान्यात पोरीच्या तोंडावर वाफेचा मुखवटा धरून बसली होती. तिसऱ्या वेळी तिथल्या तरुण डॉक्टरने मुखवटा काढता काढता विचारलं, "हिचा नेहमीचा दवाखाना कोणता?"

"काल्लामात आहे. उत्तरेला. तिथेच नाव लावलंय."

"आणि राहता इथे?"

"मार्चपासून."

"हे बघा बाई, आम्ही इथे फक्त आग विझवतो. आग लागूच नये याचं औषध वेगळं असतं. रोज सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा. ते ज्याच्या त्याच्या वस्तीच्या दवाखान्यात मिळतं, फुकट मिळतं, पण नाव लावलेलं असेल तरच. लावून घ्या." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "दर वेळी ही इथपर्यंत पोचेलच असं नाही."

ते वाक्य यास्नाने घरी आणलं आणि तेव्हापासून ते तिच्याबरोबर उठत होतं, तिच्याबरोबर झोपत होतं. पंप बाजारात विकत मिळायचा, पण त्याची किंमत ऐकून ती औषधांच्या दुकानातून उलट पावली आली होती.

नाव लावायला हवा रहिवासी दाखला. दाखला देते रहिवासी मंडळाची अध्यक्षा. चिलीभर हीच रीत. आणि यास्ना राहत होती ती नवऱ्याच्या आत्याच्या मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून असलेल्या एका लाकडी खोलीत. वीज आत्याच्या खिडकीतून ओढलेल्या वायरची, पाणी आत्याच्या नळाचं. तिच्या नावाचा एक कागद या टेकडीवर नव्हता. काल्लामातलं खाणीचं कंत्राट संपल्यावर तिचा नवरा बायरन त्यांना इथे आणून सोडून गेला होता. तो आता पार दक्षिणेला, समुद्रातल्या साल्मन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला होता. फोन लागला की म्हणायचा, "तियाला सांग ना. तिया आपलीच आहे."

तिया म्हणजे आत्या. एल्सिरा तिचं नाव, पण सगळी वस्ती तिला तियाच म्हणायची.

अध्यक्षा उबेर्लिंदा, सगळ्यांची ‘दोन्या’ म्हणजे बाईसाहेब, दाखले द्यायची आपल्या स्वयंपाकघरात. शिक्का बिस्किटांच्या डब्यात असायचा. सोमवारी यास्ना गेली तेव्हा टेबलाभोवती चार बाया चहा पीत बसल्या होत्या.

"कुणाच्या घरी राहतेस?"

"तिया एल्सिराकडे. मागच्या अंगणात."

"मग एल्सिरा कुठाय? दाखला घरमालकिणीने येऊन मागायचा असतो. ती म्हणाली पाहिजे, ही माझ्याकडे राहते म्हणून."

"दोन्या उबेर्लिंदा, पण तुम्ही मला रोज बघता. पाव घ्यायला तुमच्याच दारावरून जाते मी."

"रोज तर मी एल्सिराच्या कोंबड्याही बघते." उबेर्लिंदाने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "त्याही मागच्या अंगणातच राहतात. देऊ का त्यांना दाखले?"

बाया खदखदून हसल्या. एकीला चहाचा ठसका लागला. यास्नाही हसली, हसली नसती तर पुढच्या वेळी दार उघडलं नसतं.

तिया एल्सिरा दुपारी सोपाइपिया तळत होती. भोपळा घालून मळलेल्या पिठाच्या त्या चकत्या कढईत फुगत होत्या आणि चुलीतल्या ओल्या लाकडांचा धूर घरभर लोळत होता. यास्नाने दारातूनच, हात पुसत पुसत, विषय काढला. तियाने कानातलं यंत्र नीट बसवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती कधीच मधे तोडायची नाही, तेच वाईट होतं.

"माझ्या घरच्या पत्त्यावर तुझं नाव?" ती म्हणाली. "म्हणजे तुझ्याबरोबर तुझ्या नवऱ्याचं आलं. त्याच्याबरोबर त्याचा पगार आला. आज सरकारच्या गरिबीच्या यादीत मी कोण आहे? एकटी म्हातारी. माझा टक्का सगळ्यात खालचा. म्हणून पाण्याच्या बिलात सवलत, म्हणून हिवाळ्यातला भत्ता. उद्या यादीत लिहिलं जाईल, एल्सिराच्या घरी कमावता गडी आहे. झाले ना माझे लाड बंद? माझं मन मोठं आहे गं पोरी, पण माझा टक्का लहान आहे. तो लहानच बरा."

"तिया, पोरीला श्वास येत नाही हो."

"माझ्या भावालाही यायचा नाही. खाणीत कामाला होता. त्याला कुणी पंप दिला नाही."

यास्ना उंबऱ्यातून हलली नाही. अंगणात रायेन कोंबड्यांना काहीतरी शिकवत होती, मधेच खोकत होती. आणि तेव्हा यास्ना ते बोलली. कुणी सुचवलं नव्हतं; तिच्याच तोंडून निघालं, आणि पुढे किती दिवस ती तोंडावर हात ठेवून ते वाक्य परत आत ढकलू बघत होती.

"मग मला नका लावू. फक्त रायेनचं लावा. ती कुठे कमावते?"

तियाचा झारा कढईवरच थांबला. तेल थेंब थेंब गळत राहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत हिशेब चाललेला यास्नाला स्पष्ट दिसला. एकटी म्हातारी, वर पदरात एक आजारी पोर. टक्का वर जाणार नव्हता. झालंच तर आणखी खालीच उतरणार होता.

"बघ," तिया गोड आवाजात म्हणाली, "मागायची रीत आली की मिळतं. ये, एक सोपाइपिया खा."

दाखला त्याच संध्याकाळी मिळाला. उबेर्लिंदाने लिहिलं की सदर बालिका सेन्योरा एल्सिरा यांच्या घरी राहते व त्यांच्या देखभालीत आहे. खाली आईची सही हवी होती, आणि आईचा पत्ता.

"आईचा काय लिहू?"

"काल्लामा लिहा," तिया म्हणाली. "होताच ना तो हिचा पत्ता? खोटं थोडंच आहे."

यास्नाने सही केली. एक कागद तर आहे, तिने मनाला समजावलं. कागदावर लिहिल्याने पोर कुठे जाते?

दवाखान्याच्या खिडकीत मार्जोरी नावाची मुलगी बसली होती, नखांना जांभळा रंग, कपाळावर आठ्या. तिने दाखला वाचला, तियाचं ओळखपत्र उलटसुलट केलं आणि यास्नाकडे बघितलं.

"तुम्ही आई? काल्लामाला असता?"

"हो."

"आणि आज इथे?"

"भेटायला आलेय," यास्ना म्हणाली. रायेन तिच्या बोटाला धरून उभी होती. तिने मान वर करून आईकडे बघितलं.

मार्जोरीने रायेनचं काल्लामातलं नाव काढून इथे चढवलं. चार कळा दाबल्या, झालं. "जबाबदार व्यक्ती सेन्योरा एल्सिरा. पंप दर महिन्याला मिळेल, जबाबदार व्यक्तीने स्वतः येऊन न्यायचा. तुम्हाला मिळणार नाही, सांगून ठेवते, मागाहून खिडकीशी रडारड नको. पहिला पंप घरभेट झाल्यावर. बाई येऊन बघतील पोरगी खरंच तिथे राहते का. लोक काय काय लिहून आणतात!"

"कधी येतील?"

"सांगून आले तर ती भेट कसली?"

म्हणून रायेनचा पलंग त्याच दिवशी तियाच्या घरात गेला. तियाच्या खोलीलगतच्या कोनाड्यात, जिथे लाकडं रचलेली असायची. तिचे दोन फ्रॉक खिळ्याला लागले, कापडी ससा उशीवर बसला. "चारच दिवस," यास्ना म्हणाली. "आपण गंमत करतोय." रायेनला गंमत आवडली. पहिल्या दिवशी.

दुसऱ्या दिवसापासून तियाने शिकवणी सुरू केली. चुलीपाशी पोरीला स्टुलावर बसवायचं आणि विचारायचं.

"तू कुठे राहतेस?"

"तियाकडे."

"जेवायला कोण घालतं?"

"तिया."

"आणि आई?"

"आई…" रायेन खिदळली. बाहेर दोरीवर कपडे घालणाऱ्या यास्नाकडे तिने बोट केलं. "ती काय तिकडे!"

तियाने सोपाइपियाची बशी उचलून फडताळात ठेवली. ओरडली नाही, मारलं नाही. फक्त म्हणाली, "आज ज्याला उत्तर येत नाही त्याला भूकही नसते." आणि यास्नाला ऐकू जाईल अशा आवाजात, "पंप नको असेल तर आत्ताच सांगा बाई. माझं काय जातं?"

यास्ना आत आली. तिने पोरीसमोर उकिडवं बसून तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या बोटांना कपड्यांच्या साबणाचा वास होता, बोटं गार पडली होती. तिने स्वतः विचारलं, "आई कुठे असते, राणी?"

रायेन तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काल्लामाला," यास्नाने सांगितलं. "म्हण. आई काल्लामाला असते."

"आई काल्लामाला असते," रायेन म्हणाली. तियाने बशी परत खाली आणली.

नवव्या दिवशी बाई आल्या. निळं जाकीट, हातात फायली, बुटांना टेकडीचा चिखल. यास्ना अंगणात होती, दिसू नकोस म्हणून तियाने बजावलं होतं, पण पळायला वेळच मिळाला नाही. ओली चादर पिळता पिळता ती तशीच उभी राहिली. बाईंनी पलंग बघितला, फ्रॉक बघितले, मग मागच्या दारातून अंगणात डोकावल्या.

"या कोण?"

"ती होय? कपडे धुवायला येते," तिया म्हणाली. "गरीब आहे बिचारी, काहीतरी देते मी तिला."

बाई रायेनपुढे वाकल्या. चांगल्या होत्या, आवाजात माया होती. "आणि तुझी आई कुठे असते, बाळा?"

यास्नाच्या हातातल्या चादरीतून पाणी गळत होतं. तिला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. पोरीने चुकावं, आणि पोरीने चुकू नये.

रायेनने तिच्याकडे बघितलं. बघता बघता नजर तिच्यावरून पुढे नेली, जशी माणूस भिंतीवरून नेतं. "काल्लामाला असते," ती म्हणाली. "लांब आहे. दोन दिवस बसमध्ये बसावं लागतं."

शेवटचं वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"शहाणी गं माझी," बाई म्हणाल्या आणि तिच्या फ्रॉकवर अस्वलाचं चित्र चिकटवून दिलं. फायलीवर सह्या झाल्या. जाता जाता त्यांनी चुलीकडे बघून नाक मुरडलं. "धूर कमी करा, सेन्योरा. आणि मुलीची झोपायची जागा हीच ठेवा हं. आम्ही मधूनमधून डोकावणार, वर्षभर. जागा बदललेली दिसली तर नाव कमी होतं."

"अहो, ती आता माझीच," तिया म्हणाली.

वर्षभर. यास्नाने चादर दोरीवर घातली, चिमटे लावले. एक चिमटा तुटला तर त्या जागी दुसरा शोधत बसली, बराच वेळ.

पंप दुसऱ्या दिवशी आला. तिया स्वतः टेकडी उतरून घेऊन आली आणि एप्रनच्या खिशात ठेवून त्यावर हात थापटला. यास्नाने बघायला मागितला.

"बघायचं काय त्यात? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी देईन."

"तिया, तो ओढल्यावर श्वास रोखायचा असतो. मला डॉक्टरांनी दाखवलंय. मी करते ना, तुम्हाला कशाला त्रास."

"पंपासाठी सही कुणाची आहे?" तियाने विचारलं. यास्नाने पुढे केलेला हात मागे घेतला. "मग झालं तर. आणि हो, उद्यापासून माझ्या चादरीही घे धुवायला. बाईंसमोर बोलून बसलेय मी, खोटं कशाला ठरवायचं?"

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी तियाने रायेनला अर्धा तास अंगणात सोडलं. धुकं टेकडीवर चढत होतं. खोलीच्या पायरीवर यास्नाने पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीला कान लावला. आत सगळं नीट चाललं होतं. पंपाचा पहिला डोस ओढून झाला होता. जे मागितलं ते मिळालं होतं, आणि ती पोरीचे केस हुंगत बसली, धुराचा वास येणारे केस.

"मी चुकले नाही ना?" रायेनने विचारलं.

"नाही गं. एकदम बरोबर बोललीस."

"म्हणून मला अस्वल मिळालं." तिने चित्रावरून बोट फिरवलं. मग आतून तियाची हाक आली, तशी ती उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. अगदी हळू, कुणी ऐकणार नाही अशा बेताने, तिने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, तिया झोपताना मागच्या दाराला कडी लावते. आणि कानातलं यंत्र काढून डबीत ठेवते. मग मला रात्री दम लागला, तर मी कुणाला हाक मारू?"