थोरलीच्या गोळ्या

दुकान उघडून शिंप्याच्या थोरल्या मुलीनं नेहमीसारखी इस्त्री उचलली आणि तिचं मनगट काटकन मोडलं. पडली नव्हती, कुठं आपटली नव्हती. पंचविशीतलं हाड नुसत्या इस्त्रीच्या वजनानं मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर घालता घालता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी नियमित येते?"

"येते की," आईनं घाईघाईनं सांगितलं.

"आई, खोटं कशाला बोलतेस?" थोरली म्हणाली. "बाई, पाळी मला आपोआप कधीच आली नाही. सोळाव्या वर्षी तपासणी झाली. माझ्या बीजकोशात संप्रेरकं फारच कमी तयार होतात, जन्मापासूनच. त्याच्या गोळ्या होत्या."

"होत्या म्हणजे? बंद कुणी केल्या?"

"आईनं," थोरली म्हणाली. चार वर्षांपूर्वी शेजारणीनं सहज विचारलं होतं, "या कसल्या गोळ्या हो?" त्याच दुपारी आईनं सगळ्या मोरीत ओतल्या होत्या.

"शरीरं सगळ्यांची एका साच्यातली नसतात. अशा कितीतरी मुली जन्माला येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात लाज कसली? पण औषध तोडलंत, म्हणून हिची हाडं म्हातारीसारखी झालीत."

बाहेर पडताच आई कुजबुजली, "जिन्यावरून पडले म्हणून सांग. रविवारी स्थळाकडची माणसं यायचीत."

रविवारी छापखान्यात काम करणारा मुलगा आणि त्याची आत्या आली. आत्यानं प्लास्टरकडे बोट दाखवलं. आई तोंड उघडणार, तोच थोरली बोलली. पाळी, गोळ्या, मूल होण्याची शक्यता जवळजवळ नाही, सगळंच.

आत्यानं कप खाली ठेवला. "म्हणजे ही नक्की बाई तरी आहे का?"

मुलगा बुटांकडे बघत उठला. "कळवतो," म्हणाला.

दार लागल्याबरोबर वडील कडाडले, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"बाबा, अख्ख्या गल्लीची मापं तुम्हाला तोंडपाठ आहेत. हात मोडून चार दिवस झाले. दुखतंय का, एवढं तरी विचारलंत?"

वडील कात्री उचलून दुकानात निघून गेले.

स्वयंपाकघरात पंधरा वर्षांची धाकटी कप विसळत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मलाही अजून काहीच..."

"गप्प बस!" आई ओरडली. "काहींना उशिरा येते."

आईच्या चेहऱ्याकडे बघून थोरलीला सगळं कळलं. आईला हे ठाऊक होतं. पुन्हा तसंच झाकून ठेवणार होती ती.

सोमवारी सकाळी थोरलीनं धाकटीला चपला घालायला सांगितलं. आई दारात आडवी उभी राहिली.

"दोघींचंही नाव खराब झालं तर तुम्हाला कोण विचारणार गं?"

"मला विचारायला आले होते ना काल? पाहिलंस की. बाजूला हो."

आई हलली नाही. थोरलीनं तिला खांद्यानं सरकवलं आणि चांगल्या हातानं बहिणीला बाहेर ओढलं.

दवाखान्यात गर्दी होती. नोंदवहीवरच्या माणसानं विचारलं, "काय होतंय?"

धाकटीनं मान खाली घातली.

"पंधरा पूर्ण झाली, पाळी आलेली नाही," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लिहा तसंच."

बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या. एकीनं आपल्या मुलीला पटकन जवळ ओढून घेतलं. बाकावर जागा झाली. थोरलीनं धाकटीला तिथं बसवलं.