न सुटणारी किल्ली

तपासनीस साहेब, तुम्ही गाडी समजून न घेताच तिला नापास केलंत. शेरा मारलात, ‘इग्निशन लॉक सदोष’. दोष कुठला, ते लिहायला शाई संपली होती का?

त्या तीन शब्दांनी मीनलची तीन आठवड्यांची झोप खाल्ली. तिची १९८९ची स्वीडिश साब टर्बो जुन्या गाड्यांच्या वर्गात नोंदवायची होती. शुक्रवारी फेरतपासणी. पुन्हा नापास झाली तर थेट भंगारात. नऊ वर्षं जिच्या स्टिअरिंगला हात लावला की बँकेतली कटकट विसरायची, ती गाडी. तिच्या जुन्या मेकॅनिकने लॉक दोनदा उघडून पाहिलं, खोट सापडेना. तपासणीच्या ऑफिसला फोन केला तर म्हणाले, रिपोर्टमध्ये आहे तेच.

बुधवारी ती बिशान भागात राहणाऱ्या, तिच्यासारख्याच जुन्या गाड्यांच्या वेड्या श्रीनिवासकाकांकडे गेली. काकांची व्होल्वो पी१८००, १९६७ची. मागे पंख, अंगभर क्रोम. दर रविवारी दोघांची जुंपायची. काका म्हणायचे, स्वीडनने सदुसष्टात दागिना घडवला आणि एकोणनव्वदात बूट शिवला. मीनल म्हणायची, दागिना कपाटात राहतो, बुटाने माणूस कुठेतरी पोचतो. पण त्या बुटात काकांनी कधी पाय घातला नव्हता.

आज तिचा चेहरा पाहून त्यांनी किल्ली मागून घेतली. कारपार्कमध्ये चक्कर मारली. टर्बोने ढकललं तेव्हा भुवई वर गेली, पण कबूल करतील तर ते काका कसले. जागेवर आले, व्होल्वोच्या सवयीने गाडी न्यूट्रलला आणली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. किल्ली काही निघेना.

“ही अडकली गं.”

“रिव्हर्स टाका आधी,” मीनल म्हणाली, आणि जागच्या जागी थांबली.

साबची किल्ली दोन सीटच्या मध्ये, गिअरपाशी असते. चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून किल्ली काढली की गिअर रिव्हर्समध्येच कुलूपबंद होतो; रिव्हर्स टाकल्याशिवाय ती सुटतच नाही. मीनलचा हात हे नऊ वर्षं न विचारता करत आला होता, मेकॅनिकचाही. तपासनिसाने काकांसारखीच न्यूट्रलमध्ये ओढली असणार.

“माझ्या दागिन्याची किल्ली डॅशबोर्डवर असते,” काका म्हणाले, “शहाण्या माणसासारखी.”

मीनल इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारी ती मॅन्युअलचं ते पान उघडून तपासनिसासमोर उभी राहिली. त्याने रिव्हर्स टाकला, किल्ली अलगद हातात आली. गाडी पास. मीनलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तीन आठवड्यांचा अडकलेला श्वास सोडला. काकांचा मेसेज आला, बूट बरा आहे.

घरी येऊन तिने आधी पोटभर जेवण केलं. मग ऑफिसला लिहायला बसली: ‘गाडी पास झाली म्हणून मी गप्प बसणार नाही. पहिल्या तपासणीच्या दिवशी मी काचेपलीकडे, दहा पावलांवर बसले होते. किल्ली का निघत नाही, एवढं मला विचारायला तुमचं काय जात होतं? उत्तर लेखी पाहिजे.’